राब भाजणं मागासपणा आहे का? सिन्नरकडच्या रानाची पावसाआधीची जुनी मशागत कशी करायची?

राबाला, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण-पाला पेटवून माती भाजण्याला, मागास म्हणणाऱ्यांनी आधी इगतपुरीच्या पावसात आवणीला (भातलावणीला) उतरून दाखवावं, मग बोलावं. मी घोटीजवळचा, भातवाला. माझे दाजी निफाडचे, द्राक्षवाले. मे महिन्यात आले की ओट्यावर बसून त्यांचं एकच चालू असतं, "पोटॅशची गोणी दुकानात मिळते, राख कशाला करता?"

राब काय नुसत्या राखेसाठी भाजतात? खाली शेण, त्यावर ऐनाच्या झाडाच्या फांद्यांचा वाळका टहाळ, मग पालापाचोळा, गवत आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. आग वाऱ्याच्या उलट सरकेल असा पेटवायचा, म्हणजे भडकत नाही, धुमसत राहतो. धग मातीत उतरते, तणाचं बी भाजून निघतं, माती भुसभुशीत होते. भर पावसात रोप उपटताना मुळासकट हातात येतं ते त्यामुळे.

एका वर्षी भाच्यानं, म्हणजे दाजींच्याच पोरानं, हट्ट धरला. कृषी पदविका झालेली नवी नवी. म्हणून अर्ध्या जागेत राब भाजला, अर्ध्यात शेणखत घालून नुसते गादीवाफे. बी एकाच पोत्यातलं, इंद्रायणी. मृगाचा पाऊस झाला आणि वाफ्यांत तण आधी वर आलं, भात मागून. बाया निंदून निंदून वैतागल्या. आवणीला रोप उपटायला गेलो तर मुळं तुटून मातीतच राहायची. शेवटी आई म्हणाली, "बाळा, ही बाजू तूच उपट." दुपारपर्यंत उपटत होता बिचारा. दाजी फोनवर म्हणतात, "बियाणं खराब असेल." एकाच पोत्यातलं बी निम्म्या जागेत चांगलं आणि निम्म्यात खराब! आजवर कबूल केलेलं नाही.

आता तुमचं. सिन्नरला राबाचं कामच नाही. राब रोपासाठी, तोही एकरी ४ गुंठ्यांपुरता. तुमच्याकडे बाजरी, मका, सोयाबीनच असणार. रब्बी निघाली की उताराला आडवी नांगरट करा आणि रान तापू द्या. वळवाची सर पडून ढेकळं फुटली की वखराच्या दोन पाळ्या, धसकटं वेचायची, शेवटच्या पाळीआधी कुजलेलं शेणखत. बांध फुटला असेल तर तो आधी घाला. हराळी किंवा लव्हाळा असेल तर रोटाव्हेटर अजिबात नको, तुकडे होऊन रानभर पसरतात.

हां, राबासाठी उभी झाडं बोडकी करणं मलाही पटत नाही. आम्ही आता टहाळ कमी करून पेंढा आणि गिरणीतलं तूस वापरतो. शेण जाळण्यापेक्षा खताला गेलेलं बरं, हेही खरंच. पण तणनाशक, गोण्या आणि निंदणीची मजुरी यांचा हिशोब एकदा कागदावर मांडा, असं दाजींना केव्हाचं सांगतोय. त्यांना कागद सापडत नाही.