साडेचार वर्षांच्या मुलीला +4.5 चा चष्मा सांगितलाय. इतक्या लहान वयात खरंच लावावा का?

लावा, ताई. उद्याच करायला टाका.

तुम्ही लिहिलंय की मुलगी टीव्ही नीट बघते, खाली पडलेला मणीसुद्धा उचलते, तरी डॉक्टरांनी +4.5 सांगितला. दमली की एक डोळा नाकाकडे वळतो, असंही तुम्ही लिहिलंय. सासूबाई म्हणतात गाजर द्या, आत्तापासून चष्मा लावला तर नंबर वाढतच जाईल. हे सगळं चार वर्षांपूर्वी आमच्या घरात जसंच्या तसं बोललं गेलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला उटणं त्याच्या डाव्या डोळ्यात गेलं. तो डोळा त्याने गच्च मिटला आणि समोरचा तांब्या घ्यायला हात पुढे केला, तर हात तांब्याच्या बाजूने हवेतच गेला. मला वाटलं, डोळा झोंबतोय म्हणून चाचपडतोय. पुढे अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी असते). त्यांनी एकेक डोळा झाकून चित्रं ओळखायला लावली. उजव्या डोळ्याने त्याला फक्त वरची मोठी चित्रं ओळखता आली. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी आमच्या फडताळात पाच महिने पडून राहिली, कारण घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, 'एवढ्याशा पोराला कशाला चष्मा?' ते पाच महिने मला आजही बोचतात. तुमचे जाऊ नयेत, एवढ्यासाठी लिहितेय.

पुण्याला डॉक्टरांनी तपासलं. उजवा +5, डावा +2. तोवर मी धरून चालले होते की दिसत नसेल तर मूल सांगेलच. ते सांगत नाही. त्याने जग दुसऱ्या तऱ्हेनं कधी पाहिलेलंच नसतं, मग कमी दिसतंय हे त्याला कळणार कसं? शिवाय लहान मुलांच्या डोळ्यातल्या भिंगाची ताकद जबरदस्त असते. जोर लावून ती बराच प्लस नंबर ओढून नेतात. म्हणूनच तुमची मुलगी मणी उचलते. पण तो जोर दिवसभर लावावा लागतो, आणि जवळचं बघायला जोर लावला की दोन्ही डोळे आपोआप आत वळतात. अशा बऱ्याच मुलांचा तिरळेपणा यातूनच आलेला असतो. चष्मा लावला की जोर लावावा लागत नाही आणि डोळा सरळ राहायला लागतो. चष्मा काढल्यावर तो पुन्हा वळलेला दिसेल. तेव्हा 'चष्म्याने डोळा बिघडला' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

माझ्या मुलाची अडचण आणखी वेगळी होती. दोन्ही डोळे जोर लावतात तो सारखाच. +2 च्या डोळ्याला तो पुरत होता, +5 च्या डोळ्याला पुरत नव्हता. त्यामुळे मेंदूला एका डोळ्याकडून स्वच्छ चित्र जायचं आणि दुसऱ्याकडून कायम धूसर. मेंदूने हळूहळू धूसर डोळ्याचं ऐकणंच सोडून दिलं. यालाच आळशी डोळा म्हणतात. डोळा धडधाकट असतो, पण बघायला शिकायचा राहून जातो. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू हे भराभर शिकतो. त्यानंतरही थोडीफार सुधारणा होऊ शकते, पण फार कष्टाने. एवढ्या लहान वयात चष्मा लावायचा तो यासाठी.

गाजराचं म्हणाल तर जरूर द्या. अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो, म्हणून तर मुलांना पाच वर्षांपर्यंत त्याचे डोस देतात. पण नंबर असतो तो डोळ्याच्या लांबीमुळे किंवा आकारामुळे. जन्माला येताना डोळा साधारण 17 मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी 24 च्या आसपास. प्लस नंबरच्या मुलांचा डोळा बहुतेक वेळा जरा आखूड राहिलेला असतो, आणि गाजराने तो लांब होत नाही. अंग वाढतं तसा प्लस नंबर थोडा उतरू शकतो. किती, ते आधी कोणी सांगू शकत नाही. चष्मा घातल्याने मात्र तो चढत नाही.

'एवढं पोर काही सांगत नाही, मग नंबर काढला कसा,' अशी शंका आमच्याकडेही होती. आम्हाला तीन दिवस घरी डोळ्यांत लावायला अॅट्रोपिनचं मलम दिलं होतं. त्याने बाहुली मोठी होते आणि तो जोर लावणारा स्नायू सैल पडतो. मग डॉक्टर डोळ्यात उजेडाची तिरीप टाकून, पुढे एकेक काच धरून नंबर काढतात. मुलाला एक शब्दही बोलावा लागत नाही. त्यानंतर आठ-दहा दिवस त्याला ऊन सहन होत नव्हतं आणि जवळचं धूसर दिसायचं. हे औषधामुळे होतं, घाबरू नका. तुमच्या मुलीचा नंबर औषध न घालता काढला असेल, तर मात्र औषध घालून पुन्हा तपासून घ्या. या वयात त्याशिवाय काढलेल्या नंबरावर मी तरी विसंबणार नाही.

फ्रेम घेताना आमची एक चूक झाली. गणवेश घेतो तशी वाढत्या मापाची घेतली. ती नाकावरून घसरायची आणि पोरगा काचेच्या वरून बघायचा. चष्मा तोंडावर असून नसल्यासारखा! बाहुली काचेच्या मधोमध यायला हवी. लहान मुलांचं नाक बसकं असतं, म्हणून नाकावर सिलिकॉनची मऊ पट्टी, काड्यांना मागून इलॅस्टिकची दोरी आणि काच पॉलिकार्बोनेटची घ्या. ती आपटली तरी सहजी फुटत नाही.

चष्मा लावल्याबरोबर पोर खुदकन हसतं, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. आमच्याकडे तसं काही झालं नाही. उलट तो म्हणाला, 'आई, याच्यातून कमी दिसतं.' मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, स्नायूला ताणून राहायची सवय लागलीय, सैल व्हायला वेळ द्या. पहिल्या आठवड्यात दिवसातून वीस वेळा त्याने चष्मा काढला आणि वीस वेळा मी न रागावता परत घातला. गोष्ट ऐकताना, जेवताना, असं करत करत वेळ वाढवला. तिसऱ्या आठवड्यात सकाळी उठल्यावर तो स्वतःच चष्मा मागायला लागला.

पुढे चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायची होती आणि त्या वेळात जवळचं, बारीक काम करायचं होतं. इथे माझ्या सासूबाई उभ्या राहिल्या. चष्म्याला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता. पण डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून, मुलाचा चांगला डोळा झाकून तक्ता दाखवला, आणि नातवाला दिसत नाही हे त्यांनी स्वतः पाहिलं. त्या दिवसापासून दुपारी आजी-नातू ताट घेऊन तांदूळ निवडायला बसायचे. सुरुवातीला त्याला खडा दिसायचाच नाही. आई, म्हणजे सासूबाई, बोटाने दाखवायच्या, तो चिमटीत पकडायचा. एके दिवशी आईंच्या नजरेतून सुटलेला खडा त्याने काढला. त्या ताट तसंच हातात घेऊन स्वयंपाकघरात मला दाखवायला आल्या. त्यामुळे सासूबाईंशी वाद घालत बसण्यापेक्षा पुढच्या वेळी त्यांना दवाखान्यात सोबत न्या.

आता तो आठ वर्षांचा आहे. उजव्या डोळ्याने चष्मा लावून 6/36 दिसायचं (म्हणजे चांगल्या डोळ्याला 36 मीटरवरून दिसतं ते त्याला 6 मीटरवरून), ते 6/9 वर आलंय. पट्टी सुटली, चष्मा आहे. शाळेत कोणी 'चष्मिस' म्हणतं, पण आम्ही बाईंना आधीच भेटून चष्मा कशासाठी आहे ते सांगून ठेवलं होतं, त्याचा उपयोग झाला.

दोन्ही डोळ्यांच्या नंबरात फरक किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना तेवढं विचारा, आणि चष्मा लावून प्रत्येक डोळ्याने वेगवेगळं किती दिसतं तेही कागदावर लिहून घ्या. पट्टी सांगितलीच तर इथे जरूर लिहा. आईंनी तेव्हा काय काय युक्त्या केल्या, ते सगळं सांगेन.