बालवाडीतला आपला वार

अगं पोरी,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला, पण हे काही दोन ओळीत सांगायचं काम नाही म्हणून उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. लेक अडीच वर्षांची झाली, आपल्या बडोद्यात गोत्री रोडची दोन-तीन प्लेस्कूलं बघून आलीस, फी ऐकून छातीत धस्स झालं, आणि आता सोसायटीतल्या चार-पाच जणी म्हणतायत की आपणच मिळून काहीतरी सुरू करूया. आणि कोणीतरी तुला सांगितलं की दांडिया बाजारच्या मावशींनी पूर्वी असं केलं होतं. केलं होतं गं, १९९८ पासून नऊ वर्षं, कारेलीबागेत एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर. आमची दोन्ही मुलं त्यातूनच मोठी झाली.

तर पहिली गोष्ट आधी सांगते. फी वाचवायला म्हणून सुरू करू नकोस. फी वाचते, चांगलीच वाचते, पण जे फक्त तेवढ्यासाठी आले ना, ते आमच्याकडे पहिल्या वर्षातच गेले, कारण त्यांना दर पंधरा दिवसांनी सकाळचे तीन तास द्यायचे म्हणजे दंड भरल्यासारखं वाटायचं. आणि त्या तीन तासांवरच सगळं उभं असतं.

आम्ही त्याला 'वार' म्हणायचो. पूर्वी गरिबाघरची मुलं शिकायला शहरात आली की वार लावून जेवायची ना, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, तसंच हे उलटं. इथे घरं वार लावून शाळेत येतात. समज वीस मुलं आहेत. आठवड्याचे पाच दिवस, रोज दोन घरांतलं एकेक मोठं माणूस, म्हणजे प्रत्येकाचा नंबर दर दुसऱ्या आठवड्यात त्याच वारी येतो, तुझा मंगळवार तर एक सोडून एक मंगळवारच. वर्ग चालवते ती ताई, शिकलेली, पगारी. तिच्या हाताशी एक बाई आणि वाराची दोन माणसं. म्हणजे वीस मुलांमागे चार मोठी माणसं झाली, बाहेर पाच मुलांमागे एक माणूस कोण ठेवतं सांग? आणि ताईचं काम सोडून बाकी सगळं, म्हणजे जागा, हिशेब, खाऊ, दुरुस्ती, नवीन प्रवेश, हे पालकांचं. मालक कोणीच नाही. वर्षातून एकदा सगळे बसून कमिटी निवडायची, एका घराला एक मत, मग एकाचं एक मूल असो की दुसऱ्याची जुळी.

तू बडोद्याची आहेस, तुला हे समजवायला अमूलचं आणंद लांब नाही. १९४६ साली खेड्यातल्या लोकांनी मंडळी काढली, दूध आपलं, डेरी आपली, दहा लिटर घालणाऱ्याला एक मत आणि दोन लिटरवाल्यालाही एकच. बालवाडीत दुधाच्या जागी वेळ घालायचा.

बाहेरच्या देशांतही हे जुनंच आहे. १९१६ साली शिकागोच्या युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापकांच्या बारा बायकांनी मिळून पहिली अशी शाळा काढली. मुलांना सोबत हवी होती, आयांना शिकायचं होतं आणि त्यांना लढाईच्या काळातल्या रेडक्रॉसच्या कामाला थोडा वेळही हवा होता. न्यूझीलंडला १९४१ मध्ये वेलिंग्टनमध्ये प्लेसेंटर सुरू झाली, पुरुष लढाईवर आणि आया लहान मुलं घेऊन एकट्या, ती पद्धत तिथे अजून चालू आहे, पालक स्वतः ट्रेनिंग घेतात आणि स्वतःच चालवतात. आणि मला सगळ्यात आवडते ती इटलीची गोष्ट, रेज्जो एमिलियाजवळचं एक खेडं, १९४५, लढाई नुकतीच संपलेली, जर्मन मागे टाकून गेले तो एक रणगाडा, थोडे ट्रक आणि घोडे गावाने विकले आणि त्या पैशातून आईबापांनी स्वतःच्या हाताने मुलांची शाळा बांधायला घेतली. घरं पडलेली असताना लोकांना आधी बालवाडी सुचली! हे मी आमच्या पहिल्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं, तेव्हा एक आजोबा नुसते मान हलवत बसले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचं जुनं लाकडी कपाट आणून दिलं.

आपल्या बाजूला बघ. भावनगरला १९२० मध्ये गिजुभाई बधेकांनी बालमंदिर काढलं, ते मूळचे वकील, स्वतःला मुलगा झाला तेव्हा त्याला वाढवायचं कसं म्हणून वाचायला लागले आणि पुढे वकिली सोडून त्यातच पडले. त्यांच्याबरोबर काम केलं आपल्या ताराबाई मोडकांनी, आणि त्याच पुढे डहाणूजवळ बोर्डीला गेल्या आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. आणि गावातच म्हणशील तर होम सायन्सची चेतन बालवाडी आहे, युनिव्हर्सिटीत बालविकास शिकणाऱ्या मुली तिथे मुलांमध्ये बसून शिकतात. ताई शोधायची असेल तर त्या डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचार, आम्ही तसंच केलं होतं.

आता पैशाचं. समज ताईला २०,०००, मदतीच्या बाईला ९,०००, भाडं १५,०००, खाऊ आणि सामान ६,०००, आणि ६,००० बाजूला टाकायचे. झाले ५६,०००. वीस घरांत वाटले तर २,८०० महिना. पण तीन घरं मध्येच गेली ना, की सतरा जणांवर तेच ३,३०० च्या घरात जातात आणि मग कुरबुर सुरू होते. म्हणून दोन महिन्यांची रक्कम डिपॉझिट आणि जायचं तर दोन महिने आधी सांगायचं, हे पहिल्याच दिवशी लिहून सही घ्या. मे महिन्याचा पगार ताईला द्यायचाच, सुट्टी असली तरी. पैसे कमी पडले तर खेळणी कमी आणा, कणकेचा गोळा, वाळू, पाणी, जुनी पातेली यावर मुलं वर्ष काढतात, पण ताईच्या पगाराला हात लावू नका. आम्ही तिसऱ्या वर्षी लावला होता, पाचशे रुपये वाढवायला नको म्हटलं, आणि इतकी चांगली ताई दिवाळीनंतर दुसरीकडे गेली, मुलं तिच्या नावाने आठ-आठ दिवस रडत होती, ते मला अजून टोचतं.

हिशेबाचंही एक सांगते. आमच्यात एक गृहस्थ पैसे सांभाळायचे, अगदी सरळ माणूस, पण वर्षाच्या शेवटी ११०० रुपये लागेनात. त्यांनी माती आणि रंग आणले होते आणि पावती घेतलीच नव्हती, बस्स इतकंच. पण मीटिंगमध्ये कोणीतरी आवाज चढवला, ते उठून गेले आणि त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. पैसे गेले असते तरी चाललं असतं गं, ते घर गेलं. तेव्हापासून दोन सह्या, पावतीची वही आणि दर महिन्याच्या एक तारखेला हिशेब दारावर चिकटवायचा, कोणी मागो न मागो.

बरं, वाराच्या दिवशी नक्की काय होतं, ते तुला बघायलाच हवं. माझा पहिला वार. मी मस्त साडीबिडी नेसून गेले, मला वाटलं मुलांना गोष्टी सांगायच्या असतील. आणि आमचा चिरंजीव, जो बाकी दिवशी ताईचा लाडका, त्याने मला सोडलंच नाही, पदर धरून बसला, एका मुलीला माझ्याजवळ येऊ देईना, ढकललंन तिला. मला इतकी लाज वाटली. ताई म्हणाली, वहिनी, आई आली की सगळ्यांची मुलं अशीच करतात, आज त्याचं घर शाळेत आलंय ना. तुम्ही त्या पाण्याच्या टपापाशी जाऊन बसा आणि काही करू नका, फक्त बघा.

बसले. एक चार वर्षांचा मुलगा, घरात कोणाशीच फार बोलत नाही असा त्याच्या आईचा घोर, तो एका लोट्यातून दुसऱ्या लोट्यात पाणी ओततोय. ओततोय, सांडतंय, परत भरतोय. मग छोटी वाटी घेतली, ती लोट्यात किती वेळा मावते ते बघायला लागला, बोटं मोडून मोजत. पंचवीस मिनिटं! मध्ये एकदा पाणी काठाला येऊन थांबलं, फुगल्यासारखं, सांडलं नाही, आणि त्याने श्वास रोखून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "पडत नाही." दोन शब्द. मी घरी जाऊन नवऱ्याला तेच सांगत बसले. आणि मग लक्षात आलं की आपला मुलगाही असंच काहीतरी करत असतो आणि आपण "कपडे ओले करू नको" म्हणून उचलून घेतो.

म्हणून म्हणते, वाराचा खरा फायदा मुलाला नंतर, आधी आपल्याला. आपलं मूल वीस मुलांत दिसतं. तीन वर्षांची सगळीच चावतात, सगळीच शूचं सांगायला विसरतात, आपलंच काही बिघडलेलं नाही हे कोणी पुस्तकातून सांगून पटत नाही, तिथे जमिनीवर बसून पटतं.

आणि बापांनाही वार लावायचाच. आमच्याकडे एक रिफायनरीत शिफ्टला होते, नाइट करून सकाळी ऑफ असला की यायचे, डोळे लाल, बोलणं कमी. घरचा बंद पडलेला रेडिओ आणि चार स्क्रूड्रायव्हर घेऊन कोपऱ्यात बसायचे, तर सहा-सात पोरं त्यांच्याभोवती. वायर, सेल आणि बोर्ड त्यांनी आधीच काढून ठेवलेलं असायचं, मुलांना फक्त स्क्रू. आजी-आजोबाही चालतील. आमच्या आजी "अडगुलं मडगुलं" म्हणायच्या, शेजारच्या बा गुजराती जोडकणी, म्हणजे त्यांची बडबडगीतं, म्हणायच्या, पोरं दोन्ही म्हणायची. इथे बडोद्यात आपली मराठी आता घरातही अर्धी राहिली आहे, मराठी बालवाडी शोधायला जाशील तर दमशील, पण आपली शाळा असली की कोणाच्या वारी कुठली भाषा हे आपल्या हातात असतं.

तुझी नोकरी आहे, हे मला माहितेय. दर दुसऱ्या मंगळवारी नऊ ते बारा, म्हणजे महिन्याला दोन हाफ डे. एक तू ये आणि एक नवऱ्याला पाठव, दोन्ही वेळा सासूबाईंना नको. पण ज्या घरात रोजंदारी बुडते, त्यांच्याकडून वार मागू नका. त्यांना रविवारी साफसफाई किंवा खाऊचं काम द्या, आणि दोन जागा निम्म्या फीच्या ठेवा, पहिल्या वर्षापासून ठेवा, नंतर ठेवू म्हटलं की होत नाही. हे मी मनापासून सांगतेय, नाहीतर मोकळा वेळ असणाऱ्यांची शाळा होऊन बसते.

भांडणं होणार. खाऊवरून होतील, आमची बिस्किटांवरून दोन मीटिंग गेल्या. लिहायला कधी शिकवणार यावरून तर नक्की होतील. तेव्हा शांतपणे सांग की गुजरातेत आता पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, मुलांना इथे तीन वर्षं मिळणार आहेत, तीन वर्षांच्या बोटांना पेन्सिलची घाई नाही, शेंगा सोलू देत, कणीक मळू देत. आणि कुठलाही प्रश्न वर्गात मुलांसमोर काढायचा नाही, मीटिंगमध्येच.

एका गोष्टीवर मात्र चर्चाच नको. कोणतंही मोठं माणूस मुलाबरोबर एकटं राहणार नाही, कितीही ओळखीचं असो. शू-शीला नेताना दार उघडं, दुसरं माणूस नजरेच्या टप्प्यात. घ्यायला कोण येणार त्यांची नावं आणि फोटो रजिस्टरला, बाकी कोणी आलं तर मूल द्यायचं नाही, सख्खा काका असला तरी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, शंका आली तरी कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. हे सगळं आपण एकमेकांचे मित्र असल्यामुळे जास्त कडक ठेवायचं.

कागदाचं थोडक्यात. सहकारी मंडळी करायची तर गुजरातचा कायदा १९६१ चा आहे, वेगवेगळ्या घरांतली किमान दहा माणसं लागतात. ट्रस्टही करता येतो, तो चालवायला सोपा पडतो असं आमच्या सीएचं मत होतं. प्री-स्कूलला सरकारी नोंदणीही आता लागते, जागा घ्यायच्या आधी वकिलाला विचार. आणि जागा घेताना शेजाऱ्यांना विचार की २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी कुठवर आलं होतं, भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांग. आमच्याकडे एका वर्षी विश्वामित्री नदी चढली तेव्हा संध्याकाळी मी धावत गेले, तर माझ्याआधी आठ घरांतली माणसं तिथे पोचलेली. कोणी कोणाला फोन केला नव्हता. गुडघाभर पाण्यात एकामागे एक उभं राहून ठोकळ्यांचे डबे, चटया, ती मोडकी बाहुली, सगळं जिन्यावरून वर दिलं. त्यातल्या पाच घरांशी आजही आमचं येणंजाणं आहे, मुलांच्या लग्नांत आम्ही घरचेच.

सध्या पाच घरं आहात ना, मग एवढ्यात जागा-बिगा शोधू नका. दोन महिने आठवड्यातून दोनदा कोणाच्या तरी घरी जमा, वार लावून, ताईशिवाय. दोन महिन्यांत कळेल कोण वेळेवर येतं, कोण दुसऱ्याच्या मुलाचं नाक आपणहून पुसतं. मग पुढचं.

शनिवारी ये माझ्याकडे, चारनंतर. जुनी रजिस्टरं माळ्यावरून काढून ठेवते, वाराचा तक्ता आणि नियमांचा कागद आहे त्यात, फोटो काढून घे. लेकीला घेऊन ये, तिच्यासाठी गच्चीत टपात पाणी भरून ठेवते, एक जोडी कपडे जास्तीची आण.

तुझी,
मावशी