फिनलंड पहिला, आणि आपण 118वे?

प्रश्न : 2025च्या जागतिक आनंद अहवालात फिनलंड सलग आठव्यांदा पहिला आणि भारत 118वा. हिवाळ्यात दुपारीच काळोख पडणारा देश पहिला कसा? आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, चवथीला, शिगम्याला या, आनंद दाखवतो. खाणबंदीत खनिज वाहणारा माझा ट्रक गेला, तरी आम्ही हसतोच ना! — एक वाचक, डिचोली, गोवा

उत्तर : हसता, हे खरंच. पण तिथे हसणं मोजतच नाहीत. दर देशात वर्षाला साधारण हजार जणांना विचारतात : शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी आहे, वर तुमचं उत्तमात उत्तम आयुष्य, तळाला वाईटात वाईट, आज तुम्ही कुठल्या पायरीवर? तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढून क्रमांक लागतो. ढोल कितीही घुमू दे, इथे माणूस घरचा हिशेबच डोळ्यांसमोर आणतो.

पैसा लागतोच. मात्र दहा हजारांचे वीस झाल्यावर जेवढं वर चढता, साधारण तेवढंच पुन्हा चढायला विसाचे चाळीस व्हावे लागतात. म्हणून तर अमेरिका 24वी, आणि उत्पन्नात तिच्या कितीतरी मागे असलेला कोस्टा रिका सहावा. (त्यांनी 1948 साली सैन्यच मोडीत काढलं. आपल्याला जमणार नाही, असो.)

आता तुमचा ट्रक. 2012ला खाणी थांबल्या, मध्ये थोड्या चालल्या, 2018ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा बंद. मी तेव्हा बँकेत कर्जविभागात होतो. हप्ते थकलेले ट्रकमालक टेबलासमोर बसून थट्टामस्करी करत, आणि कागदावर सही करताना गप्प होत. काम जाण्याचा घाव बुडालेल्या उत्पन्नापेक्षा खोल जातो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. बेकारी फिनलंडमध्येही आहे. पण भत्ता नियमाने मिळतो, त्यासाठी कुणा आमदाराच्या अंगणात ताटकळावं लागत नाही.

त्याच पाहणीत आणखीही विचारतात : अडीनडीला धावून येणारं कुणी आहे का? आयुष्याचे निर्णय स्वतः घेता येतात का? सरकारात भ्रष्टाचार बोकाळलाय का? पहिल्या प्रश्नात तुमचा वाडा सहज पास होईल. तिसऱ्यावर मी पैज लावणार नाही.

अहवालात गोव्याचा वेगळा क्रमांक नसतो. तेव्हा ट्रकवाल्या दोस्तांना तुम्हीच विचारा : 2011 साली कुठल्या पायरीवर होता, आज कुठल्या? प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा, चारचौघांत नको. आकडे आले की मला कळवा.