ओठावर पुन्हा पुन्हा येणारे पाण्याचे फोड: क्रीम लावूनही फरक का पडत नाही?

तुम्ही लिहिलंय: वर्षातून पाच-सहा वेळा, ओठाच्या त्याच कडेला, आधी चुरचुर आणि मग पाण्याच्या बारीक फोडांचा झुबका, आणि क्रीम लावूनही फरक नाही. हे वर्णन हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूचंच आहे. 'उष्णता बाहेर पडली' म्हणून सब्जा पिऊन तो जात नाही. चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत हा विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो आणि अधूनमधून त्याच वाटेने ओठावर उतरतो. (ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना पडणाऱ्या चिरा किंवा गालाच्या आतले पांढरे व्रण ही दुखणी वेगळी. त्यांवर खाली सांगितलेलं औषध वाया.)

चूक आहे ती वेळेत. तुम्ही फोड दिसल्यावर क्रीम लावता. तोवर विषाणूची वाढ बरीचशी उरकलेली असते. औषध सुरू करायचं ते चुरचुरीला, म्हणजे फोडाच्या काही तास ते एक-दोन दिवस आधी. विषाणूची वाढ रोखणारं ५ टक्के अ‍ॅसायक्लोव्हिर क्रीम दिवसातून ५ वेळा, ५ दिवस. खरं सांगायचं तर एवढं करूनही जेमतेम अर्धा-एक दिवस वाचतो. दिवसातून दोनदा लावणाऱ्याचा तर तेवढाही नाही.

त्यापेक्षा गोळी बरी असं माझं मत. त्याच जातीचं औषध, व्हॅलासायक्लोव्हिर २ ग्रॅम, १२ तासांनी पुन्हा २ ग्रॅम, बस्स. हा मोठ्या माणसांचा डोस. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कमी करावा लागतो, गरोदरपणातही आधी विचारावं लागतं. म्हणून फोड नसतानाच डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि गोळ्या घरात ठेवा. चुरचुर रात्री अकराला सुरू झाली तर सकाळी दवाखाना उघडेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

वर्षाला सहा किंवा जास्त वेळा होत असेल तर रोजच्या गोळीचा विचार करतात: अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दोनदा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम एकदा, काही महिने, मग थांबवून पाहायचं. तुम्ही अगदी काठावर आहात. आधी दोन-तीन वेळा फोडापूर्वी काय झालं होतं त्याची नोंद ठेवा: ऊन, ताप, पाळी, जागरण, दाताचं काम. ऊन हे कारण निघालं तर एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचं माप) ३० चा लिप बाम लावा, उन्हात असाल तर दर दोन तासांनी. लायसिन या अमिनो आम्लाच्या गोळ्यांवर पैसे घालण्याइतका पुरावा नाही.

दुकानदार देतो ती 'खाज-गजकर्णाची' ट्यूब ओठाला लावू नका. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असतं, आणि त्याने विषाणूला मोकळं रान मिळतं. चुना आणि टूथपेस्टने नुसती कातडी भाजते. खपली ओढू नका. वर साधं व्हॅसलीन लावा, म्हणजे ती तडकत नाही.

खपली पडेपर्यंत बाळाचा पापा घेऊ नका. नवजात बाळाच्या तर जिवावर बेतू शकतं. टॉवेल, लिप बाम वेगळे ठेवा. फोडाला हात लागला की साबणाने धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर नक्कीच. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. घरातले स्टिरॉइडचे थेंब घालू नका. दहा दिवसांत फोड भरला नाही, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तरीही घरी थांबू नका.