घरच्या ५ लिटर वाइनमधून ब्रँडी किती निघेल, आणि पहिली धार का टाकतात?

वाइन १२ टक्क्यांची धरली तर ५ लिटरमध्ये शुद्ध अल्कोहोल ६०० मिली. म्हणजे ४० टक्क्यांची ब्रँडी कागदावर दीड लिटर. वाइन भट्टीत तापवून गाळताना सुरुवातीचा (पहिली धार) आणि शेवटचा भाग बाजूला काढल्यावर हातात बरीच कमी येते.

पहिल्या धारेला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा उग्र वास येतो. तो इथाइल अ‍ॅसिटेट, अ‍ॅसिटाल्डिहाइड वगैरेंचा. मात्र ती टाकली की मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) गेलं, हा समज चुकीचा. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल (दारूतलं नेहमीचं अल्कोहोल) ७८.४ ला, हे खरं; पण पाण्यात मिसळलेलं असताना साध्या भट्टीत ते असं सुटं होत नाही, थोडं थोडं शेवटपर्यंत येत राहतं. मुळात ते फळातल्या पेक्टिन या चिकट घटकापासून तयार होतं, ऊर्ध्वपातनाने (गाळण्याने) नवीन बनत नाही.

आंबट झालेली वाइन ‘सुधारेल’ म्हणून भट्टीत घालू नका, वास उलट वाढतो. खरी भीती आगीची: गळणारी वाफ ज्योतीपाशी पोचली की भडका. शिवाय बहुतेक देशांत विनापरवाना दारू गाळणं गुन्हा आहे, घरच्यापुरतीसुद्धा. न्यूझीलंडसारखे अपवाद मोजकेच. त्यामुळे आधी कायदा बघा, भांडं नंतर.