न आलेल्या रुग्णांचं काय?

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र मिळालं. स्ट्रोक (पक्षाघात) झालेले रुग्ण वर्षातून किती वेळा जीपीकडे, म्हणजे आपल्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे येतात आणि किती वेळा दवाखान्यातल्या प्रॅक्टिस नर्सकडे, याचं ऑडिट तुझ्याकडे सोपवलंय आणि आकडे दोन दिवसांत निघतील असं तू म्हणतोस. निघतील. पण ते घेऊन मीटिंगला जाण्याआधी माझं थोडं ऐक. इंग्लंडातल्या सर्जरीत, म्हणजे जीपीच्या दवाखान्यात, मी वीसहून जास्त वर्षं काढली आहेत, आणि हीच मोजदाद करताना मी एकदा चांगलीच फसले आहे.

कॉम्प्युटरवर ‘स्ट्रोक’ या निदानाचा कोड टाकून भेटी शोधल्यास तर अगदी थोड्या हाती लागतील. कारण रुग्ण स्ट्रोकसाठी म्हणून येतच नाही. खांदा दुखतो, पोट साफ होत नाही, रात्री झोप नाही, अशा तक्रारी घेऊन तो येतो. लुळ्या हाताच्या ओझ्याने खांदा ओढला जातो आणि रात्रभर ठणकतो. नोंदीत मात्र ‘खांदेदुखी’ एवढंच उतरतं. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला कधी ना कधी नैराश्य गाठतं, पण तेही आपणहून बोलणारे फार कमी. म्हणून कोड बाजूला ठेव. स्ट्रोकच्या रुग्णांच्या रजिस्टरमधलं एकेक नाव घे आणि त्या माणसाच्या वर्षभराच्या नोंदी वाच. फोनवर कोण बोललं? खोलीत कोण आलं होतं? मुलगी आली आणि ‘बाबांच्या त्याच गोळ्या द्या’ म्हणून गेली, तर तो वेगळा रकाना. त्या दिवशी बाबांना कुणीच पाहिलेलं नाही.

आता नर्सबद्दल. इथे २००४ साली जीपींच्या मोबदल्याचा काही भाग ठरावीक कामांशी जोडला गेला. स्ट्रोकच्या रुग्णांचं रजिस्टर ठेवणं, त्यांचं बीपी मोजून आटोक्यात ठेवणं, ही त्यातली कामं. वर्षाची तपासणी बहुतेक ठिकाणी नर्सच करते. त्यामुळे तुझ्या तक्त्यात नर्सच्या भेटी नियमित दिसतील आणि आपल्या विस्कळीत. यावरून ‘नर्सचं काम म्हणजे नुसते रकाने भरणं’ असं कुणी म्हणालं, तर मान डोलावू नकोस. बीपी हे किरकोळ काम नाही. २००१ साली ‘प्रोग्रेस’ या चाचणीचे निष्कर्ष आले. स्ट्रोक किंवा त्याचा हलका झटका येऊन गेलेले ६,१०५ रुग्ण त्यात होते. बीपी उतरवणाऱ्या औषधांनी पुन्हा स्ट्रोक होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. दुसरा झटका टाळायला आपल्या हातात जे काही आहे, त्यातलं मोठं काम बीपी मोजण्याच्या त्या पट्ट्याचं आहे. तो पट्टा धडधाकट हातालाच बांधायचा. दुबळ्या हातावर मोजलेल्या आकड्याचा भरवसा नाही.

आणि नर्सला दिसतं ते आपल्याला दिसत नाही. आमच्याकडे एक गृहस्थ होते, सत्तरीला आलेले, पत्नी वारलेली, डावा हात निकामी. गोळ्या महिन्याच्या महिन्याला नेल्याची नोंद अगदी चोख. तरी बीपी चढलेलंच. मी दोनदा डोस वाढवला. पुढच्या वेळी आमच्या नर्सने त्यांच्यासमोर गोळ्यांची पट्टी ठेवली आणि म्हणाली, “एक काढून दाखवता का?” त्यांनी पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून पाहिली, गुडघ्यात धरली, मग दातांत. गोळीचे दोन तुकडे झाले, एक खुर्चीखाली गेला. ते हळू आवाजात म्हणाले, “रोज नाही जमत.” मी दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये दोन्ही वेळा आकडा पाहिला होता, हात नव्हता पाहिला. नर्सने फार्मसिस्टला सांगून गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून घेतल्या, आणि डबीचं झाकण त्यांना एका हाताने उघडतं का, हे तिथेच त्यांच्याकडून करवून घेतलं. तीन महिन्यांत बीपी जागेवर आलं. मी वाढवलेला डोस कमीच करावा लागला.

तेव्हा तुझ्या ऑडिटमध्ये सरासरीपेक्षा तळाची नावं वाच. वर्षात एकदाही न आलेले कोण? ज्यांना जिना उतरता येत नाही ते. ज्यांचे शब्द गेले आहेत आणि फोनवर रिसेप्शनिस्टला काही सांगता येत नाही ते. केअर होममधले. सहा महिन्यांनी एकदा आणि पुढे दरवर्षी तपासणी व्हावी असं इथलं मार्गदर्शन आहे, पण पत्र पाठवलं, रुग्ण आला नाही, तर ‘आला नाही’ अशी नोंद होऊन विषय मिटतो. तो मिटू देऊ नकोस. या लोकांची यादी वेगळी काढ आणि मीटिंगमध्ये तीच आधी मांड. कुणी वेळेचा प्रश्न काढेल. तो खराच आहे, पण चार घरभेटींनी सुरुवात करता येते.

पुढेमागे सांगलीला परतायचं तुझ्या मनात आहे, म्हणून आणखी एक. इथे प्रत्येक माणूस कुठल्या तरी सर्जरीच्या यादीवर असतो, म्हणून न आलेला शोधता तरी येतो. आपल्याकडे फॅमिली डॉक्टरच्या कपाटात आलेल्यांचे केसपेपर असतात. जो आलाच नाही त्याचा कागदच नसतो. ‘आजोबांच्या अंगावरून वारं गेलं’ म्हणून गाव हळहळतं, महिनाभर मालिश चालते, मग खाट ओसरीवर जाते आणि बीपीची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद होते. पण ते घर आशाताईंना माहीत असतं. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आता असतात, बीपीचं यंत्र असतं. तिथे दवाखाना टाकलास तर पहिल्याच वर्षी एक साधी वही घाल: गावातल्या स्ट्रोक झालेल्या प्रत्येकाचं नाव, आणि पुढे शेवटचं बीपी कुणी, कधी, कुठल्या हातावर पाहिलं. आशाताईंना सोबत घेऊन बसलास तर एका दुपारी ती वही भरेल.

घरभेटीला जाशील तेव्हा शब्द अडखळणाऱ्या माणसाचं वाक्य तू पूर्ण करू नकोस, त्याच्या बायकोलाही करू देऊ नकोस. खुर्ची समोर ओढून बस आणि थांब. पहिल्यांदा ती शांतता फार लांब वाटेल. यादी झाली की मला फोन कर. नावं नकोत, नुसता आकडा सांग.

तुझी,
मॅडम