अमेरिकेतले लोक जुन्या गाड्या कापून ‘हॉट रॉड’ का बनवतात? असा कोणी वेडा माणूस तुम्ही जवळून पाहिलाय का?

पाहिलाय. दहा वर्षं पाहिला. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला त्यांचा टोइंगचा धंदा होता. नाव लिहीत नाही, घरचे लोक तिथेच आहेत. आमच्या घरात त्यांना ‘टोचनवाले काका’ म्हणायचे. माझ्या मुलीने ठेवलेलं नाव.

टोइंग म्हटलं की पुण्या-मुंबईकडे नो पार्किंगमधल्या गाड्या उचलणारा टेम्पो आठवतो. काकांचं काम वेगळं होतं. हायवेवर बंद पडलेली, ठोकलेली, उतारावरून खाली गेलेली गाडी बाहेर काढून आणायची. रात्री दोन वाजता, हिवाळ्यातल्या त्या दाट धुक्यातसुद्धा, ज्यात स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही.

आमची ओळख २००८ च्या गणपतीत झाली. लॉस एंजेलिसला मित्राकडे बसवायची मूर्ती घेऊन निघालो होतो, कोल्हापूरच्या कुंभार गल्लीतून आणलेली, बायकोच्या मांडीवर. वाटेत ग्रेपवाइनचा घाट लागतो. तेजोन खिंड १,२६३ मीटरवर आहे, आणि चढावर पाटीच लावलेली आहे की इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. मी केला नाही. अर्ध्या चढात वाफ निघायला लागली. मागे तीन वर्षांची मुलगी, बाहेर चाळीस डिग्री ऊन.

काका आले तेव्हा साठी ओलांडलेले होते. उतरल्यावर त्यांनी साखळीला हात लावला नाही. आधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, पालथा हात बॉनेटवर ठेवला, वाकून खाली पाहिलं. मग बायकोच्या मांडीकडे बघून विचारलं, “हे तुटण्यासारखं आहे का?” हो म्हटल्यावर सीटवरची हत्यारांची पेटी मागे टाकली, स्वतःचं जाकीट गोल घडी करून ठेवलं आणि म्हणाले, इथे बसवा. पूर्ण घाट उतरेपर्यंत त्यांचा एक हात स्टिअरिंगवर आणि एक मूर्तीच्या पाठीशी होता. थर्मोस्टॅट गेला होता. त्यांच्या यार्डातच बदलून दिला आणि फक्त पार्टचे पैसे घेतले.

त्या यार्डात, पत्र्याच्या शेडमध्ये, मी त्यांची १९३२ ची फोर्ड पहिल्यांदा पाहिली. दोनच्या आकड्यावरून तिला तिकडे ‘ड्यूस’ म्हणतात. मडगार्ड नाहीत, इंजिनावर झाकण नाही, टप खांबांतून कापून चार इंच खाली आणलेलं. हॉट रॉड म्हणजे हेच. त्या वर्षी फोर्डने सर्वसामान्यांच्या खिशाला झेपेल अशा गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बसवलं, ३.६ लिटरचं, ६५ हॉर्सपॉवरचं. काही वर्षांनी त्याच गाड्या सेकंडहँड बाजारात अगदी स्वस्तात मिळायला लागल्या, आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्यांच्यावरचं नको ते सगळं काढून टाकलं. वजन कमी झालं, वेग वाढला. पळवायला मोजावेच्या वाळवंटात मुरॉकचं कोरडं तळं होतं, मैलोन्‌मैल सपाट. १९३७ मध्ये या पोरांच्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना काढली, वेग मोजायची रीतसर व्यवस्था केली. महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी विमानांवर शिकलेली कारागिरी या गाड्यांत ओतली, आणि १९५१ मध्ये राष्ट्रीय संस्था निघाली. या इंजिनाला एक खोड होती. जळालेला गॅस सिलिंडरच्या ब्लॉकमधूनच बाहेर जातो, त्यामुळे ते फार तापतं. तापलेल्या इंजिनाशी काकांची ओळख माझ्या गाडीच्या कितीतरी आधीची होती.

शहराच्या उत्तरेला बदामाच्या बागांमध्ये फमोसोची ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे सरळ रेषेत गाड्यांची शर्यत लावायची पट्टी आहे, युद्धाच्या काळातल्या धावपट्टीवर केलेली. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर सरळ. तिथे १९५९ पासून ‘मार्च मीट’ नावाची शर्यतींची जत्रा भरते. पहिल्या वर्षी फ्लोरिडाहून डॉन गार्लिट्स हा शर्यतवाला आला होता आणि जिंकला आर्ट क्रिसमन. काका तेव्हा चौदा वर्षांचे, वडिलांच्या टो ट्रकच्या टपावर बसून ते पाहत होते. त्या काळच्या ड्रॅगस्टरला, म्हणजे या शर्यतीच्या गाडीला, स्टार्टर नसायचा, मागून दुसऱ्या गाडीने ढकलावं लागायचं. ढकलताना इग्निशन बंद ठेवायचं, ऑइलचं प्रेशर चढू द्यायचं आणि मगच स्विच टाकायचा. त्यांच्या वडिलांच्या ट्रकच्या पुढच्या बंपरला लाकडी फळी आणि तिच्यावर टायरचं रबर ठोकलेलं होतं, खास या कामासाठी. तो ट्रक काकांनी शेवटपर्यंत विकला नाही. पुढे ते स्वतः तिथे पळवायचे. त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बदामाचा बहर नुकताच गळत होता, आणि नायट्रोमिथेन या शर्यतीच्या इंधनावर चालणारं इंजिन सुरू झालं तसा तो आवाज कानांआधी छातीला लागला. डोळ्यांतून पाणी. काका मात्र हसत होते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. २०१३ मध्ये आबा, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांसाठी आले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांनी चाळीस वर्षं लेथ चालवली. इंग्रजी येत नाही. पंधरा दिवसांत घरात बसून कंटाळले, जेवणावरची वासना उडाली. मी त्यांना काकांच्या यार्डात नेलं.

आबांनी ड्यूसभोवती एक फेरी मारली. अगदी तशीच, हात मागे बांधून. मग वाकून आत हात घातला, क्लचचं पेडल बोटाने हलवलं आणि मला म्हणाले, “आरं, ह्याचा बुश गेलाय. पेडल कसं डुलतंय बघ.” बुश म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी. मी भाषांतर करायच्या आत काका मान हलवत होते. त्यांनी शेडच्या कोपऱ्यातल्या जुन्या लेथवरचं ताडपत्रीचं पांघरूण काढलं. आबांनी चकवरून तळहात फिरवला, जसा गोठ्यात माणूस बैलाच्या पाठीवरून फिरवतो.

गनमेटलचा तुकडा शोधला, पेडलचा दांडा मायक्रोमीटरने मोजला. मी इंजिनीअर, कॉलेजात मिलिमीटर शिकलेला. मी मनात इंचांचा हिशोब करत राहिलो आणि आबा बोलून मोकळे झाले, “दोन थाऊ ठेवू.” काकांनी चमकून पाहिलं आणि दोन बोटं वर केली. टू थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि दांडा नि बुशमध्ये तसे दोन भाग फट ठेवायची. उद्यमनगरात आजही जुने टर्नर थाऊमध्येच बोलतात आणि अमेरिकेतला लेथवालाही. त्या दुपारी माझी दुभाष्या म्हणून काहीच गरज पडली नाही. आबांनी लेथवर नवा बुश कातला, काकांनी बसवला, पेडल डुलायचं थांबलं. पुढचे चार महिने आबा रोज सकाळी डबा घेऊन यार्डात. भाकरी दोघांची.

तुम्ही विचारलंय ‘का’. मला वाटतं, ज्या यंत्रातला प्रत्येक भाग आपला हात ओळखतो त्याचा आवाज माणसाला सोडवत नाही. टोचनच्या कामातही काकांचा हाच स्वभाव होता. ठोकलेली गाडी ओढून आणली तरी तिच्याबद्दल ‘भंगार’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही.

या कामात जीव जातात. टेनेसीत चॅटानूगा इथे, जिथे १९१६ मध्ये अर्नेस्ट होम्सने पहिला टो ट्रक बनवला, कामावर मेलेल्या टोइंगवाल्यांच्या नावांची भिंत आहे. काकांच्या एका पोऱ्याचं नाव तिथे आहे. हायवेच्या कडेला केबल लावत असताना कारने उडवला. रस्त्याकडेला पिवळे दिवे दिसले की लेन बदलायची, ते जमत नसेल तर वेग कमी करायचा, असा कायदा आता तिथल्या सगळ्या राज्यांत आहे. आपल्याकडेही कृपा करून तेवढं करत जा.

काका २०१७ च्या हिवाळ्यात गेले. अंत्ययात्रेला बेचाळीस टो ट्रक होते, सगळ्यांचे पिवळे दिवे चालू, भोंगा एकाचाही नाही. सगळ्यांत पुढे ड्यूस, त्यांची मुलगी चालवत होती. धंदाही आता तीच बघते.

पुढच्या मार्चमध्ये तिने ड्यूस फमोसोला आणली. मी आबांना फोन लावला आणि इंजिन सुरू होताना फोन तसाच वर धरला. कोल्हापुरात रात्र झाली होती. आवाज थांबल्यावर आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बुश टिकलाय न्हवं?”

मी खिडकीतून हात घालून पेडल हलवून पाहिलं आणि सांगितलं, टिकलाय.